बोटीचा केसपेपर

कुठलीही वस्तू हातात आली की मावशी आधी तिच्यावरून करंगळी फिरवायच्या आणि मग ती करंगळी जिभेच्या टोकाला लावायच्या. डोळे मिटायच्या. दोन सेकंद शांतता. मग निकाल यायचा, "खारट आहे." किंवा क्वचित, अगदी खूश असल्या तर, "चालेल."

माझ्या दुकानात त्यांनी असं काय काय चाखलं म्हणून सांगू? नट, बोल्ट, मोटरची दांडी, बॅटरीचा डबा, एकदा तर माझा नवाकोरा स्क्रूड्रायव्हर. मिक्सर दुरुस्तीला घेऊन आलेल्या एक बाई हा प्रकार बघून मिक्सर न ठेवताच परत गेल्या. मी म्हटलं, "मावशी, गिऱ्हाईक गेलं ना!" तर म्हणतात, "जाऊ दे रे. ज्या बाईला एवढ्याने किळस येते तिचा मिक्सर एकदा आतून बघ."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आधी आपण त्यांना हसतो. मग कधी तरी लक्षात येतं, की आपणही तसंच करायला लागलोय.

कांदिवलीला चारकोपमध्ये माझं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. मिक्सर, इस्त्री, पंखे आणि रिमोटवर चालणारी खेळणी. खेळण्यांत माझा हात धरणारा इकडे कोणी नाही असं लोक म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो, लोक ऐकून घेतात. चारेक वर्षांपूर्वी एका सकाळी साठी ओलांडलेल्या, ठेंगण्या, कडक इस्त्रीची सुती साडी नेसलेल्या एक बाई दुकानात आल्या. "जयभीम" म्हणाल्या आणि पिशवीतून प्लॅस्टिकची लाल बोट काढून काउंटरवर ठेवली. तिच्या पोटातून पाणी गळत होतं.

"हिला समुद्रात चालवायची आहे," बाई म्हणाल्या. "गळ आणि कोळंबी घेऊन शंभर मीटर आत जायचं, तिथे टाकायचं आणि परत यायचं. जमेल?"

मी बोट उलटीपालटी करून पाहिली. "मावशी, हे बादलीत खेळायचं खेळणं आहे. नातवाला द्या."

"नातू बारावीला आहे."

"मग ही कोणाची?"

"माझी," मावशी म्हणाल्या. "तोंड मिट. सांगते."

ही बाई गळ टाकून मासे धरते हे पचायला मला वेळच लागला. आमचं कूळ वेंगुर्ल्याचं. आजोबा गिरणीत कामाला आले तेव्हापासून आमच्या घरी मासा थेट ताटातच भेटतो. त्याच्या आधीच्या आयुष्याशी आमचा काही संबंध नाही. आणि मावशी बुलढाण्याकडच्या. लग्न होऊन मुंबईला येईपर्यंत विहिरीपेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नाही. नंतर तेहतीस वर्षं एका सरकारी इस्पितळात आयाबाई. तिथे हाडांच्या वॉर्डात एक म्हातारे कोळी पाय वर टांगून दोन महिने पडले होते. वेळ जाईना म्हणून ते बँडेजच्या पट्टीवर गळाच्या गाठी मारत बसायचे आणि मावशींनाही शिकवायचे. निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मावशींनी मुलाला विचारलं, "गळ कुठे मिळतो रे?" मुलाला वाटलं, आईला विश्रांतीची गरज आहे.

तेव्हापासून दर रविवारी पहाटेची बस धरून त्या मढच्या खडकांवर जायच्या. तिथे गळवाल्या पुरुषांचा एक घोळका असतो, आणि त्यात या एकट्या. इस्पितळात होत्या म्हटल्यावर सगळे त्यांना 'सिस्टर' म्हणायला लागले. मावशी प्रत्येकाला थांबवून सांगायच्या, "सिस्टर नाही. आया. सिस्टरचं काम वेगळं, माझं वेगळं." शेवटी सगळे मावशी म्हणू लागले.

पण पेशंट उचलून उचलून उजवा खांदा आधीच गेलेला होता. तो आता पार आखडला. गळ लांब फेकता येईना. खडकाजवळ टाकला तर खेकडे कोळंबी खाऊन जायचे. बाकीचे म्हणाले, मावशी, आम्ही फेकून देतो, तुम्ही नुसत्या धरून बसा. त्यांनी एक मोसम तसं करूनही पाहिलं.

"मासे लागले की नाही?" मी विचारलं.

"लागले. पण ते माझे कुठे होते?" मावशी म्हणाल्या. "हे बघ, वॉर्डात मी पेशंटला उचलला, पुसला, भरवला. बरा होऊन जाताना तो डॉक्टरच्या पाया पडला, सिस्टरला पेढे देऊन गेला. केसपेपरवर सगळ्यांच्या सह्या. तेहतीस वर्षांत माझी एक नाही. मी रुसत नाही रे. पण आता म्हातारपणी मासा तरी माझा पाहिजे ना?"

मी ती लाल बोट त्यांच्या पिशवीत परत घातली आणि म्हटलं, "बसा. चहा सांगतो."

पुढचा महिनाभर आम्ही बोट निवडत होतो. सून निवडताना होत नाही एवढी चौकशी झाली. गळ वाहून नेणाऱ्या अशा बोटी बाहेरदेशी तळ्यांवर वापरतात आणि त्या इथे मागवता येतात. मी मोबाईलवर फोटो दाखवायचो, मावशी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून तपासायच्या. लुकलुकणारे दिवे असलेली बोट त्यांनी पाहताक्षणी नापास केली. "नटवी नको. कामाची दाखव." माझंही ज्ञान मी पाजळत होतो. मोटरी दोन हव्यात, एक बंद पडली तर दुसरीवर घरी येईल. काठ उंच हवेत. पंख्याला जाळी हवी, नाही तर गळाची दोरी त्यात गुंतेल. बॅटरी तळाशी हवी म्हणजे लाटेवर कलंडणार नाही.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "पोट उघडतं का?"

"म्हणजे?"

"आतून पुसता आलं पाहिजे. जे उघडत नाही ते साफ होत नाही."

खरं सांगतो, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. त्या एका प्रश्नावर माझ्या आवडीच्या दोन बोटी बाद झाल्या. शेवटी वरचं झाकण चार खटक्यांनी निघणारी एक राखाडी बोट ठरली. ती गोड्या पाण्यासाठी बनवलेली, म्हणून तिचे साधे स्क्रू काढून मी स्टेनलेस स्टीलचे बसवले, दांडीच्या नळीत ग्रीस ठासून भरलं. झाकणाच्या रबराला व्हॅसलीन मावशी स्वतः लावायच्या, तान्ह्या बाळाच्या जांघेत लावतात तसं. राखाडी बोट लाटांत दिसेना तर त्यांनी तिला भगवट नारिंगी कापडाचा झेंडा शिवला. "पेटीकोटाचा आहे, कोणाला सांगू नकोस," म्हणाल्या. आजवर सांगितलं नव्हतं.

बोटीला त्या बोट म्हणतच नसत. 'पेशंट' म्हणत. तिच्यासाठी दोनशे पानी वही घातली होती आणि वर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'केसपेपर'. त्यात बॅटरीचा जोर म्हणजे पल्स, मोटर तापली तर ताप, चार्जिंग म्हणजे जेवण. एक नोंद मला पाठ आहे. 'पल्स चांगला. ताप नाही. उजव्या मोटरला घरघर. अंघोळ घातली. ग्रीस पाजलं. झाकण उघडं ठेवून पंख्याखाली झोपवली.' आणि खाली पूर्ण नाव, पूर्ण आडनाव अशी लांबलचक सही. प्रत्येक नोंदीखाली.

तरी पंधरा दिवसांत दोन्ही मोटरी जाम. मी उघडून पाहिलं तर तांब्यावर हिरवं आणि दांडीवर मिठाचा पांढरा पापुद्रा. माझं डोकंच फिरलं. मी बोलून गेलो, "मावशी, तुम्ही धूत नाही ना नीट? नुसत्या वहीत लिहिता."

मावशींनी वही पिशवीत घातली. पदर सावरला आणि गेल्या. दिवसभर मला इस्त्रीचे चटके बसत राहिले, इतकं लक्ष उडालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं वर गेलं होतं तेवढ्यात मावशी हजर. हातात पाण्याच्या दोन बाटल्या. "चाख."

पहिली चाखली. पाणी. दुसरी चाखली आणि तोंड वाकडं झालं. "मचूळ आहे हो! खारट!"

"आमच्या बाथरूमचा नळ," मावशी म्हणाल्या. "बोअरवेलचा. खाडी हाकेवर आहे ना आपल्याला. त्या पाण्याने सगळी बिल्डिंग फरशा धुते, ते तोंडात कोण घालतंय? मी पेशंटला रोज दोन बादल्या अंघोळ घातली. खाऱ्या पाण्याने खारं धुतलं. चुकले मी. पण धुतलं नाही म्हणू नकोस."

मी कान पकडले. तसे कान मी बायकोसमोरही पकडलेले नाहीत. महापालिकेचं पाणी चारकोपला सकाळी तासभर येतं. त्या दिवसापासून त्यातली एक झाकलेली बादली बोटीच्या नावाची झाली. सुनेने एकदा त्यातलं तांब्याभर कुकरला घेतलं तर घरात केवढं महाभारत झालं! आणि त्या दिवसापासूनच करंगळीचा कारभार सुरू झाला. धुऊन झालं की चाखायचं. खारट लागलं की पुन्हा.

मढच्या खडकांवर मात्र बोटीचं स्वागत काही धड झालं नाही. तिथे मालाडचे एक काका आहेत, मालवणी, चाळीस वर्षं गळ टाकणारे. ते बोट बघून म्हणाले, "मावशे, मासो ह्या खेळण्यान धरल्यान तर तो खेळण्याचो. तुझो न्हय." बाकीचे हसले. मावशी मला सांगताना हसत होत्या, पण तो घाव बरोबर जागेवर बसला होता. खेळण्याचा मासा आणि दुसऱ्याने फेकलेल्या गळाचा मासा, दोन्ही त्यांना सारखेच परके.

त्यातून मासाही लागेना. बोटीच्या मागे गळाची दोरी अडकवायला एक चिमटा असतो. रिमोटचं बटण दाबलं की तो सुटतो आणि कोळंबी खाली जाते. तळ्यात ठीक आहे हो. मढच्या लाटेत तो चिमटा अर्ध्या वाटेतच सुटायचा. दोन महिने हेच चाललं. केसपेपरात एकाखाली एक नोंदी, 'आजही नाही.' मावशींचा आवाज उतरायला लागला होता. एकदा म्हणाल्या, "काकांचं बरोबर असेल कदाचित. खांदा गेला तिथेच खेळ संपला असेल." मला ते ऐकवेना. मी नवीन, जास्त ताकदीच्या मोटरी बसवल्या आणि जाहीर केलं, "या रविवारी मी येतो बरोबर. रिमोट मी चालवणार."

दिवाळी नुकतीच होऊन गेलेली. भरती चढत होती, ऊन कोवळं होतं. मावशींनी चिमट्याभोवती इस्पितळातली चिकटपट्टी दोन वेढे गुंडाळली. "आता बघू कसा सुटतो." मी म्हटलं, मावशी, मग बटण दाबूनही सुटायचा नाही. त्या म्हणाल्या, "मी इकडून हिसका देईन, पट्टी फाटेल. तू चालव."

बोट निघाली. काय पळत होती, झकास! नारिंगी झेंडा लाटेमागे जायचा, पुन्हा वर यायचा. साठ मीटर. ऐंशी. मी काकांकडे ऐटीत बघितलं. आणि तेवढ्यात बोट थांबली, आणि उलटी चालायला लागली.

मी पुढे जायचं बटण दाबलं. ती आणखी मागे. जोरात दाबलं. तिचं बूड पाण्यात बुडालं, नाक वर, आणि चालली आपली पाठमोरी.

"वाट लागली!" मी ओरडलो. "मावशी, माझ्याकडून वायरी उलट्या लागल्या! सॉरी मावशी, सॉरी, मी आजच्या आज बदलून देतो..."

काका म्हणाले, "गाववाल्या, तू मिक्सरच बघ."

मावशींचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. त्या हातातल्या गळाच्या काठीच्या शेंड्याकडे बघत होत्या. शेंडा पाण्याकडे वाकला होता. "वायर नाही रे," त्या हळूच म्हणाल्या. "ओढतोय कोणी तरी."

बोटीखाली लोंबणारी कोळंबी माशाने चिमटा सुटण्याआधीच धरली होती, आणि मावशींच्या चिकटपट्टीमुळे आता तो बोटीसकट निघाला होता. झेंडा एकदा आख्खा पाण्याखाली गेला. मी काठी धरायला धावलो.

"हात लावू नकोस!" मावशी अशा ओरडल्या की दोन वॉर्ड पलीकडे ऐकू गेलं असतं.

काठीचा बुंधा त्यांनी कमरेच्या ओच्यात रोवला. उजवा हात वर जात नव्हता, म्हणून कोपर पोटाशी दाबून त्याने नुसती काठी पेलली आणि दोरी गुंडाळायचं चक्र डाव्या हाताने फिरवायला लागल्या. दोन वेढे आत, चार बाहेर. चेहरा लाल झाला होता. कोणी तरी म्हणालं, मावशी, द्या इकडे. काकांनी त्याला गप्प केलं. मग कोणी न सांगता काकांनी पॅन्ट दुमडली, हातजाळं घेतलं आणि गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहिले. "मावशे, घाई करू नको. येता तो. येऊ दे."

अर्ध्या वाटेवर चिकटपट्टी फाटली. बोट सुटली, आणि माझा अंगठा अजून पुढच्या बटणावर दाबलेला, त्यामुळे थेट समुद्राकडे सुसाट निघाली.

"तू पेशंटला बघ," मावशी मान न वळवता म्हणाल्या, "मी ह्याला बघते."

मी बोट वळवून आणली तोवर काकांनी जाळं उचललं होतं. जिताडा होता. चार किलोचा तरी असेल. उन्हात असा चमकत होता की सगळे वाकून बघायला लागले. घोळक्यातल्या एकाने मुद्दाम विचारलं, "काय काका, मासा बोटीचा ना?"

काका भिजलेली पॅन्ट पिळत होते. "बोट तर पळान जाय होती," ते म्हणाले. "मासो मावशेचोच."

मावशी खडकावर मटकन बसल्या. माशावरून करंगळी फिरवली, जिभेला लावली, डोळे मिटले. "खारट," म्हणाल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता पदराने डोळे पुसले, मग लगेच विचारलं, "पेशंट आला का सुखरूप?"

त्या दिवसाची नोंद अशी आहे. 'पेशंटला मासा ओढून नेत होता. पेशंट घाबरला नाही. दुरुस्तीवाला घाबरला. मासा मी धरला.' खाली सही. नेहमीपेक्षा मोठी.

संध्याकाळी माझ्या घरी डबा आला. शेंगदाण्याचा कूट घातलेलं जिताड्याचं कालवण! वेंगुर्ल्याच्या माणसाने मान खाली घालावी असा प्रकार. मी मान खाली घालूनच दोनदा वाढून घेतलं.

त्यानंतर मावशींनी बरेच मासे धरले. पण गेल्या वर्षी मुलाची बदली अकोल्याला झाली आणि सगळं घरच तिकडे निघालं. जाण्याच्या आदल्या दिवशी मावशी दुकानात आल्या. काउंटरवर बोट ठेवली, शेजारी वही, काठी, व्हॅसलीनची डबी आणि औषधांच्या बाटल्यांतून जमवलेल्या ओल शोषणाऱ्या पुड्या.

"ड्यूटी बदलताना पेशंट सांगून द्यायचा असतो," त्या म्हणाल्या. "उजवी मोटर हळवी आहे. ग्रीस दर तिसऱ्या फेरीला. झाकण लावून झोपवायचं नाही, आत घाम येतो. पाणी कुठलं?"

"महापालिकेचं."

"सही कर."

वहीत त्यांनी लिहून आणलं होतं, 'पेशंट पुढच्या ड्यूटीला सोपवला.' त्यांची सही झालेली होती. मी म्हटलं, "मावशी, मी जन्मात गळ धरलेला नाही हो." त्या म्हणाल्या, "मग धर. मी कुठे आईच्या पोटातून शिकून आले होते?" मी सही केली. त्या वळल्या आणि गेल्या. त्या दिवशी मी दुकान दुपारीच बंद केलं. त्यांची मला फार आठवण येते, हे सांगायला लाज कसली.

आता दर रविवारी मी मढला जातो. काका मला गाठी शिकवतात आणि शिव्या देतात. चार महिने काही मिळालं नाही. परवाच्या रविवारी मात्र काठी थरथरली. घरी येऊन सगळी कामं उरकली आणि अकोल्याला फोन लावला.

"मावशी, मासा लागला!"

"कोणता?"

"शिंगाळा. वीतभरच आहे."

"असू दे, पहिला आहे. मधे कोणाच्या हातात काठी दिली नाहीस ना?"

"नाही. काकांनी मागितली, तरी नाही."

"मग तुझा आहे तो. वहीत लिही." आवाजात असा आनंद होता, जणू चार किलोचा जिताडाच लागलाय. "आणि पेशंटला अंघोळ?"

"घातली ना. राखलेल्या बादलीने. दोनदा."

"चाखलीस?"

मी बोटीच्या बुडावरून करंगळी फिरवली, जिभेला लावली. डोळे मिटले. "चालेल," मी म्हणालो.

तिकडे दोन सेकंद शांतता.

"परत धू," मावशी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी मुकाट्याने बादली उचलली. खोटं कशाला सांगू, थोडी खारट होती.